आरसी आणली का?

पुलगावात जुनी मारुती ८०० अडली की मिस्त्री काढलेला भाग मालकाच्या हातावर ठेवतो. "भाऊ, सँपल घेऊन जा. वर्ध्यात पाहा, नाही तर नागपूर." दारूगोळा भांडार आणि कापडगिरणीमुळे नाव झालेल्या या गावापासून वर्धा तीसेक किलोमीटर, नागपूर शंभराच्या पुढे. एवढी पायपीट करायचीच, तर आधी कंपनीच्या डीलरचं पार्ट्स काउंटर गाठावं, असं माझं ठाम मत आहे.

हे काउंटर बहुधा शोरूमच्या मागे, सर्व्हिसच्या दाराशी असतं. तिथला माणूस सँपल बाजूला ठेवतो आणि विचारतो, "आरसी आणली का? चेसिस नंबर सांगा." त्यावरून गाडी कार्बुरेटरची की एमपीएफआयची, हे पक्कं होतं. मग पडद्यावर आकृती उघडते. वॉशर, क्लिप, रबर, सगळं सुटं मांडलेलं आणि प्रत्येकाला स्वतःचा नंबर. मारुतीच्या नंबरातले पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात. १३७८० म्हणजे एअर फिल्टर, १६५१० म्हणजे ऑइल फिल्टर. मग 'एम' आणि त्यापुढे मॉडेलची खूण. जुना नंबर बंद करून कंपनीने नवा दिला असेल, तर तेही तिथेच दिसतं. बाजारात "आता येत नाही" म्हणून परत पाठवलेला भाग असा कधी कधी नव्या नंबराने सहज मिळतो.

८०० वाले त्यातल्या त्यात सुखी. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती आणि देशात २५ लाखांहून अधिक विकली गेली. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन ओम्नीलाही होतं, आणि ओम्नी २०१९ पर्यंत चालू राहिली. त्यामुळे इंजिनाच्या सामानाची फार ददात नाही. छळतात ती दाराची बीडिंग, डॅशबोर्डचं प्लास्टिक, जुन्या घडणीची टेललाइट.

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या मालकाला असं काउंटरच उरलेलं नाही. त्याला पुण्याची नाना पेठ, नाही तर दिल्लीचा काश्मिरी गेट धुंडाळावा लागतो.

काउंटरवर माल नसला तरी रिकाम्या हाताने परतू नये. नंबर लिहून घ्यावा आणि इतर शहरांतल्या डीलरांना फोन लावावा. वर्षानुवर्षं न हललेला माल त्यांच्या लेखी डेड स्टॉक असतो. जागा अडते म्हणून तो कधी तरी घाऊक भावात निघून जातो. आपल्या गाडीचं आयुष्य मात्र त्याच रॅकवर पडलेलं असू शकतं. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं होतं. असं वाढीव शुल्क भरूनही जो गाडी ठेवतो, त्याची गाडी एका रबरापायी भंगारात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

भाग मिळाला की खोक्यावरचं लेबल कापून आरसीच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी फोनवर तोच नंबर वाचून दाखवता येईल.