डेक उतरला, ब्लोअर चढला

सकाळी ७.००
हॅम्बर्ग. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला, ईरी सरोवराच्या काठचं गाव. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. बाहेर चार अंश, गॅरेजच्या आत फार तर आठ. मेकॅनिक हीटर लावतो आणि त्याच्याकडे पाठ करून कामाला लागतो. वय बासष्ट. काम छोट्या इंजिनांचं: गवत कापायची यंत्रं, करवती, जनरेटर. दाराबाहेर गार्डन ट्रॅक्टरांची रांग. हे शेतातले ट्रॅक्टर नव्हेत. कमरेएवढी उंची, वीसेक हॉर्सपॉवर. उन्हाळाभर घराभोवतीचं गवत कापतात, हिवाळ्यात दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ उपसतात. मधला बदल करायचा तो आत्ता.
"परवापर्यंत एक जण फिरकला नाही," तो म्हणतो. "टीव्हीवर बर्फाचं नाव निघालं, की सगळे दारात."

७.३०
आजचा ट्रॅक्टर हिरवा, पंधरा वर्षांचा. आधी गवत कापायचा डेक उतरवायचा. चाकं पूर्ण वळवली, डेक खाली टेकवला, पुलीवरून पट्टा सोडवला, पिना ओढल्या, आणि मदतनीस पोरानं डेक आडवा सरकवून बाहेर काढला. पोरगा तेवीसचा. तासाला एकोणीस डॉलर. राज्याच्या या भागात २०२५मध्ये कायद्यानं किमान साडेपंधरा द्यावेच लागत. वरचे साडेतीन त्याचे हात ग्रीसला कंटाळत नाहीत म्हणून.
डेक उलटा केला. आतून बोटभर जाड गवताचा थर, ओला, काळपट. तो खरवडायलाच वीस मिनिटं गेली. तसाच ठेवला असता तर वसंतापर्यंत पत्र्याला गंज धरला असता.

९.१०
इंजिन. जुनं ऑइल काळं होऊन आलं. उन्हाळ्याचं जाड ऑइल थंडीत घट्ट होतं आणि स्टार्टर कण्हत राहतो, म्हणून आता ५डब्ल्यू-३०. फिल्टर नवा, प्लग नवा. बॅटरीवर मीटर लावला: १२.४. "पाऊण भरली आहे. जानेवारीत पाऊण पुरत नाही." चार्जर जोडला. पेट्रोलच्या टाकीत स्टॅबिलायझर. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्बोरेटरात चिकटा धरतो. असे कार्बोरेटर साफ करण्यावर या दुकानाचं निम्मं भाडं निघत असावं, असं मला वाटतं. तो नुसता हसतो.

१०.३०
स्नोब्लोअर. बेचाळीस इंच रुंद. पुढे आडवा, पिळाच्या पात्यांचा ऑगर. तो बर्फ कापून मध्ये ओढतो. मागे पंखा, तो नळकांड्यातून लांब फेकतो. दोघं मिळून तो ट्रॅक्टरच्या नाकाशी आणतात. पोरगा पहारीनं उचलून धरतो, मेकॅनिक पिना बसवतो. दोनदा हुकतं. तिसऱ्यांदा 'खट्ट' वाजतं.
मग ऑगरच्या दांड्यावरच्या शिअर पिना. करंगळीपेक्षा बारीक बोल्ट, मुद्दाम मऊ पोलादाचे. रस्ता साफ करणारा सरकारी ट्रक प्रत्येक दारासमोर गोठलेला बांध टाकून जातो. त्यात लाकूड असतं, दगड असतो, कधी गुंडाळी करून फेकलेलं वर्तमानपत्र दगडासारखं गोठलेलं असतं. ऑगर त्यात अडकला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो.
मेकॅनिक फळीवरून एक गिअरबॉक्स काढून माझ्या हातात देतो. आतले दात साफ सोललेले. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक पिना सारख्या तुटतात म्हणून वैतागलं आणि त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून चांगले टणक बोल्ट आणून लावले. बोल्ट अजून शाबूत आहेत. तेही मेकॅनिकनं जपून ठेवलेत.

१२.२०
सँडविच. उभ्या उभ्या. गप्पा सरोवराच्या. पाणी अजून कोमट असतं, वरून कोरडा गार वारा येतो, पाण्याची वाफ उचलतो आणि काठावर आणून ओततो. पट्टा अरुंद असतो; गावाच्या एका टोकाला कमरेएवढा बर्फ, दुसऱ्या टोकाला गवत दिसतं. नोव्हेंबर २०२२मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला चार दिवसांत ८० इंचांच्या आसपास पडला. तिथला फुटबॉलचा सामना डेट्रॉइटला न्यावा लागला.
"तेव्हा हे ट्रॅक्टर?"
"सापडलेच नाहीत."

दुपारी १.००
आता वजन. लोक हॉर्सपॉवर विचारून ट्रॅक्टर घेतात, पण बर्फात मागची चाकं घसरली की वीस काय आणि तीस काय. पुढे ब्लोअर लटकला की मागचं टोक हलकं पडतं. म्हणून मागच्या टायरांत बीटचा रस भरायचा. साखर काढून उरलेल्या मळीचा हा द्रव पाण्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के जड असतो, इथल्या थंडीत गोठत नाही आणि रिमला गंज आणत नाही. पूर्वी कॅल्शियम क्लोराइड भरायचे. त्यानं खाल्लेल्या रिमा मागे अंगणात पडल्या आहेत.
व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून पंप जोडला. मध्ये मध्ये हवा सोडायची, पुन्हा पंप. टायराला साधारण आठ गॅलन. थोडा रस जमिनीवर सांडला. तपकिरी, चिकट, आणि वास थेट काकवीचा. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाची ही आठवण इथे कुणाला सांगणार!

२.४५
चेन. आडव्या साखळ्या जवळजवळ, दोन कड्यांआड असलेल्याच घ्यायच्या. त्या लांब लांब असल्या तर छोट्या टायरचा उघडा भाग मधल्या जागेत टेकतो आणि चाक तिथेच नुसतं फिरतं. चेन घातली, ट्रॅक्टर पुढेमागे केला, एक कडी आणखी ओढली. पोराचं नख गेलं. शिवी दिली, चिकटपट्टी लावली.

४.००
बाहेर चाचणी. ट्रॅक्टरच्या मालकिणीच्या दारात खडीचा रस्ता, म्हणून ब्लोअरखालचे स्किड इंचभर खाली सोडले. नाहीतर बर्फाबरोबर खडीही शेजाऱ्याच्या खिडकीत. नळकांड्यात आतून सिलिकॉनचा फवारा, ओला बर्फ चिकटू नये म्हणून. ऑगर फिरला. एक ग्रीस निपल कोरडं राहिलं होतं, आवाजावरून कळलं.

४.४०
मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या, पूर्वी शाळेची बस चालवायच्या. स्वतःचं दार झालं की शेजारची तीन दारं साफ करतात. दोघं पंचवीस डॉलर देतात, तिसरा अंडी.
बिल हातानं लिहिलेलं. मजुरी साडेतीन तास, नव्वद डॉलरनं ३१५. ऑइल-फिल्टर ३८. प्लग ६. बीटरस १६ गॅलन, ८०. चेन ९५. पिना दोन, ६. एकूण ५४०, कर वेगळा.
बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "नख गेलं त्याचे पैसे लावले नाहीत ना?"
पोरगा हसला.
"आणि जास्तीच्या पिना?"
"दोन देऊ?"
"सहा दे."