समजीविता आणि महिन्याचा किराणा

दर ऑगस्टमध्ये भारतातून नवे विद्यार्थी अमेरिकेत येतात आणि आपल्या जुन्या कुटुंबांना त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. घर कुठे घ्यावे, आणि खाण्याचा खर्च महिन्याला किती येतो? पहिल्या प्रश्नाला आपण नकाशा उघडून उत्तर देतो. दुसऱ्याला "धर दोन-तीनशे" असे मोघम सांगून मोकळे होतो. वास्तविक घरभाडे, विमा, शिक्षणशुल्क आणि कर्जाचा हप्ता हे आकडे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असतात. दर आठवड्याला आपल्या हाती येणारा मोठा आकडा एकच, तो म्हणजे किराण्याचा. म्हणून त्याविषयी थोडे नेमके बोलणे आवश्यक आहे.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जुलै १९१३मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा बडोदा संस्थानची त्यांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती. त्या काळच्या दराने एक पौंड म्हणजे ४.८६ डॉलर, म्हणजेच महिन्याला सुमारे ५६ डॉलर. त्यात राहणे, जेवणे, पुस्तके. आणि त्यातूनच काही रक्कम घरी पाठवणे. तिकडे रमाई तुटपुंज्या पैशांत संसार चालवीत होत्या. आज केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीवर येणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याला अमेरिकेत वर्षाला १५,४०० डॉलर निर्वाह भत्ता ठरलेला आहे. बारा महिन्यांनी भागले तर १,२८३ डॉलर होतात. न्यूयॉर्क, बॉस्टन किंवा सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्यातील किती रक्कम एका खोलीच्या भाड्यातच जाते, हे वाचकांना सांगायला नको.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. बाबासाहेबांची काटकसर, लंडनमधील बोव्हरिलचा पेला आणि रात्रीचे पापड या कथा आपण जयंतीच्या सभांत अभिमानाने सांगतो. त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु त्या ऐकून एखादा विद्यार्थी दुपारचे जेवण सोडू लागला, तर त्याने त्या कथेचा अर्थ उलटा घेतला असे मी म्हणेन. ती उपासमार बाबासाहेबांवर परिस्थितीने लादली होती. तिला व्रताचे रूप देण्याचे कारण नाही. स्वस्त आणि पोटभर, या दोन्ही अटी एकदम पाळता येतात का, हा आपला प्रश्न आहे.

मोजपट्टी म्हणून एक सरकारी आकडा हाताशी ठेवावा. अमेरिकेचे कृषी खाते चार स्तरांच्या आहार योजनांचा खर्च नियमितपणे प्रसिद्ध करते. त्यांतील सर्वांत काटकसरीची 'थ्रिफ्टी फूड प्लॅन' ही सरकारी अन्नसाहाय्याचा म्हणजे स्नॅपचा आधार आहे. ऑक्टोबर २०२५पासून चौघांच्या कुटुंबाला त्याखाली मिळू शकणारी कमाल रक्कम महिना ९९४ डॉलर आहे. एकट्या व्यक्तीला २९८. एच-वन बी किंवा विद्यार्थी व्हिसावरील आपल्यापैकी कुणीही त्या साहाय्यास पात्र नाही, परंतु आकडा उपयोगी आहे. सर्व जेवण घरी शिजवले तर पोषणात तडजोड न करता साधारण एवढ्यात भागते, असा त्याचा अर्थ. आपले चौघांचे घर महिना चौदाशे डॉलर किराण्यावर घालवत असेल, तर ते नेमके कुठे जातात हे शोधण्यासारखे आहे. ते पाचशेत भागत असेल तर मुलांच्या ताटात दूध, अंडी, फळे आहेत ना, हेही पाहण्यासारखे आहे.

दोन्ही बाजूंनी पाहण्याची ही रीत तथागतांनी दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला सांगितली होती. अंगुत्तर निकायातील त्या सुत्तात गृहस्थाच्या इहलोकीच्या सुखासाठी चार गोष्टी येतात. त्यांतील शेवटची समजीविता, म्हणजे समतोल जीवन. उधळपट्टी नको आणि चिक्कूपणाही नको. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले आणि किती उचलले गेले हे कळते, तसे मिळकत आणि खर्चाचे भान असावे. मिळकत थोडी आणि राहणी मोठी असणाऱ्याला तिथे उंबर खाणाऱ्याची उपमा आहे: चार फळे खाण्यासाठी तो अख्खे झाड हलवतो आणि बाकीची जमिनीवर वाया जातात. मिळकत मोठी असून कण्हत-कुंथत जगणाऱ्यालाही त्याच सुत्तात दोष दिलेला आहे.

उंबराची ही उपमा आपल्या फ्रिजला तंतोतंत लागू पडते. या देशात अन्नपुरवठ्याचा ३० ते ४० टक्के भाग वाया जातो, असा कृषी खात्याचा अंदाज आहे. घाऊक दुकानातून पाच पौंड पालक स्वस्तात आणून त्यातील अर्धा टाकला, तर पालकाची किंमत दुप्पट झाली. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर अभियंता असल्याने मला लॉगची सवय आहे, आणि माझा सल्ला असा की महिनाभर खरेदीची नव्हे, कचऱ्याची वही ठेवावी. काय टाकले, किती टाकले, का टाकले. बहुतेक घरांत ही यादी कोथिंबीर, पालेभाज्या, पाव, उरलेला भात आणि मुलांनी दोन घास खाऊन ठेवलेले दह्याचे डबे अशी निघेल. पाकिटावरील 'बेस्ट बाय' तारखेलाही अनेक जण विनाकारण घाबरतात. बाळाचे फॉर्म्युला दूध वगळता ती तारीख गुणवत्तेची असते, सुरक्षिततेची नव्हे. वास, रंग, चव पाहून ठरवण्याचे आपल्या आजीचे शास्त्र इथेही चालते.

दुकानात शिरल्यावर मोठ्या अक्षरांतील किंमत वाचू नये; तिच्या बाजूचा लहान आकडा वाचावा. पौंडाला किंवा औंसाला किती, हे तो सांगतो. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत तो छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे. सोळा औंसांचा पौंड आणि पौंडाचे साधारण ४५४ ग्रॅम, एवढे गणित पाठ असले की 'फॅमिली पॅक'चा मोह बराच ओसरतो. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त नसते. हळद, जिरे, धने, मिरी अमेरिकन सुपरमार्केटच्या काचेच्या बाटल्यांतून घेणे म्हणजे बाटलीचेच पैसे देणे. ते भारतीय दुकानातून घ्यावे. उलट दूध, अंडी, तेल, कांदे, बटाटे भारतीय दुकानातून घेण्यात सहसा फायदा नसतो. त्यासाठी आल्डीसारखी स्वतःच्या छापाचा माल ठेवणारी दुकाने बरी. भाज्या, लिंबे, मिरच्या मेक्सिकन दुकानातून. मासे आणि सुकी मासळी चिनी किंवा कोरियन दुकानातून. चार दुकानांत दर आठवड्याला धावणे मात्र पेट्रोलचा आणि रविवारचा नाश आहे. भारतीय दुकान महिन्यातून एकदा पुरे. कॉस्टकोचा भाजलेला कोंबडा २००९पासून ४.९९ डॉलरलाच मिळतो, पण तो दुकानाच्या अगदी मागच्या टोकाला असतो, आणि तिथवर जाऊन येताना गाडीत काय काय पडते हे आपण जाणतो. वार्षिक सदस्यत्वाचे ६५ डॉलर वेगळेच.

डाळींच्या बाबतीत थोडा भूगोल कामी येतो. तूर ही आपल्या जिभेची सवय, पण ती समुद्रापलीकडून येते. मसूर आणि काबुली चणे मात्र पूर्व वॉशिंग्टन आणि उत्तर आयडाहोच्या पालूस भागात पिकतात, पिवळा वाटाणा माँटाना आणि नॉर्थ डकोटात, तर शेजारचा कॅनडा मसुराचा मोठा निर्यातदार आहे. एक पौंड मसुरात शंभर ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. आठवड्यातले तीन दिवस तुरीच्या जागी मसुराचे किंवा वाटाण्याच्या डाळीचे वरण केले तर खर्चात फरक पडतो, आणि भारत सरकारच्या एखाद्या आदेशाने घाबरून जाण्याची वेळही कमी येते. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा इथल्या भारतीय दुकानांपुढे सोना मसुरीसाठी रांगा लागल्या आणि काही दुकानांनी कुटुंबाला एकच बॅग अशी मर्यादा घातली. अमेरिकेतच पिकलेला तांदूळ त्याच वेळी शेजारच्या सुपरमार्केटात मुकाट्याने उभा होता.

ज्वारीची कथा तर गमतीची आहे. जगात सर्वाधिक ज्वारी पिकवणाऱ्या देशांत अमेरिका अग्रभागी आहे, कॅन्सस आणि टेक्सास ही तिची मुख्य राज्ये. पण ती जाते जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला आणि निर्यातीला. माणसासाठी तिचे पीठ झाले की ते 'ग्लुटेन-फ्री' म्हणून महागड्या फळीवर चढते. आपल्या आजोबांनी दुसरे काही नव्हते म्हणून खाल्लेली भाकरी इथे श्रीमंती आहार ठरते. ज्वारीचे पीठ घ्यायचे तर भारतीय दुकानातीलच घ्यावे.

भाकरीचा विषय निघाला म्हणून सांगतो, शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. मराठवाड्यातील महार-मांग स्वयंपाकघराची ती नोंद आहे. आपल्या वस्त्यांतील बायांनी वजडी, पाया, सुकट, रानभाज्या यांतून जे रांधले, ते गावाने नाकारलेल्या वस्तूंतून घडवलेले ज्ञान होते. अमेरिकन ग्राहक कोंबडीची छाती मागतो, म्हणून तंगड्या, काळीज, पेटे आणि पाठीची हाडे इथे स्वस्त राहतात. १९९०च्या दशकात अमेरिकेने रशियाला एवढ्या तंगड्या विकल्या की तिथे त्यांना अध्यक्ष बुश यांचे नाव पडले! रस्सा हाडाशिवाय होत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही डॉलर हाती आल्यावर आपणही 'बोनलेस ब्रेस्ट' गाडीत टाकतो, तेव्हा आपण चव आणि पैसा दोन्ही सोडतो. त्यात थोडी लाजही मिसळलेली असावी, असा मला संशय आहे.

ही लाज कुठून येते, तेही किराण्याच्या हिशेबातच दिसते. भारतीयांच्या खोलीभाड्याच्या जाहिरातींत 'फक्त शाकाहारी' ही अट आजही सर्रास असते. पैसे कमी असलेला आपला विद्यार्थी स्वस्त खोलीसाठी ती मान्य करतो. मग अंडी, तंगड्या, सुकट ही स्वस्त प्रथिने घरात शिजवता येत नाहीत. तो ती बाहेर खातो. समजा आठवड्यातून तीनदा बाहेरचे बारा डॉलरचे जेवण घेतले, तर महिन्याला दीडशे डॉलरच्या आसपास गेले. खोलीत वाचवलेले शंभर डॉलर असे दुसऱ्या दाराने निघून जातात, आणि आडनाव विचारले जाण्याची धास्ती वेगळी. नव्या मुलांना खोली शोधून देताना स्वयंपाकघरात काय शिजवता येईल हे आधी विचारा.

आणखी एक हिशेब सरकारी योजनेतही नीट धरलेला नाही, तो म्हणजे वेळेचा. डाळ भिजवणे, पीठ मळणे, चिकन साफ करून डब्यांत गोठवणे यांना तास लागतात. एच-फोर व्हिसावर घरी असलेल्या, अनेकदा नवऱ्याइतक्याच शिकलेल्या पत्नीच्या तासांवर हे सगळे ढकलून नवरा बजेटची शेखी मिरवत असेल, तर ती बचत नव्हे. रविवारी दोघांनी मिळून तीन तास दिले, कांदा-खोबऱ्याचे वाटण करून गोठवले, दोन डाळी शिजवून ठेवल्या, तर बुधवारी रात्री बाहेरून मागवण्याची वेळ येत नाही. घरपोच जेवणाचे शुल्क, कर आणि बक्षिसी मिळून मूळ किमतीवर किती चढते, हे एकदा पावती समोर ठेवून पाहावे.

हे सारे आता कसोशीने करण्याचे कारणही आहे. २०२२मध्ये घरगुती किराण्याच्या किमती एका वर्षात ११.४ टक्क्यांनी वाढल्या. त्यानंतर वाढीचा वेग मंदावला, किमती मात्र खाली आल्या नाहीत. मार्च २०२५मध्ये बर्ड फ्लूमुळे डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागले. दुसरीकडे आपल्या क्षेत्रातील नोकरकपात थांबलेली नाही, आणि एच-वन बीवरील माणसाला नोकरी गेल्यावर नवी शोधण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखायला सांगितला आहे. ते साठ दिवस म्हणजेच तो चौथा भाग. पंधरवड्याला पगार मिळणाऱ्यांना वर्षात २६ पगार मिळतात, म्हणजे सहसा दोन महिन्यांत तीन पगार येतात. महिन्याचा किराणा दोन पगारांवरच बसवला, तर ते दोन जादा पगार पूर्ण हाती राहतात. भारतातील भावंडांची फी किंवा धम्मकार्यासाठी बाबासाहेबांनी मागितलेला विसावा हिस्सा त्यातून सहज निघतो.

विद्यार्थ्यांसाठी शेवटची एक माहिती. मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेली अन्नपेढी सुरू झाली. आज शेकडो विद्यापीठांत अशी सोय आहे. बाबासाहेबांच्या कोलंबियातही आहे. तिथे तांदूळ, शेंगा, डबाबंद भाज्या, कधी ताज्या भाज्या मोफत मिळतात. बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचे ओळखपत्र पुरते. तरी आपल्या विद्यापीठाचे नियम आधी वाचावेत. नाव नोंदवण्यात कमीपणा मानू नये.

आणि ज्यांना घोळीची भाजी आठवते, त्यांनी मेक्सिकन दुकानात 'व्हेर्दोलागास' असे विचारावे. उन्हाळ्यात तिच्या जुड्या असतात. लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर मसूर डाळ घालून ती चौघांना पुरते.