पोटगीचा हुकूम आणि जप्ती

वारासिवनीच्या हिंदी न्यायालयीन व्यवहारात जिला ‘कुर्की’ म्हणतात, तिलाच शेजारच्या गोंदियात ‘जप्ती’ म्हणतात. अर्थ एकच : थकबाकीदाराची मालमत्ता न्यायालयाने ताब्यात घेणे. पोटगीच्या, म्हणजे नफक्याच्या, संदर्भात ही प्रक्रिया शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण हुकूम मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असा समज सर्वत्र आढळतो.

इंदूरच्या शाहबानो यांना १९७९ साली दरमहा २५ रुपये पोटगी मंजूर झाली. उच्च न्यायालयाने १९८० साली ती १७९ रुपये २० पैसे केली आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केला. हक्काची चर्चा अशी पुष्कळ झाली, वसुलीची मात्र थोडी.

अमेरिकेत मुलांची पोटगी थकली की कायद्यानेच थकबाकीदाराच्या स्थावर-जंगम मालमत्तेवर बोजा चढतो. आपल्याकडे नुसत्या हुकुमाने पतीची मोटारसायकल अडकत नाही. जप्ती होईपर्यंत तो ती विकू शकतो. म्हणून स्त्रीनेच अर्ज करावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (पूर्वीचे कलम १२५) दंडाधिकारी दंडवसुलीच्या रीतीने वॉरंट काढू शकतात. त्यात जंगम वस्तूंची जप्ती व विक्री येते. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीप्रमाणेही वसुली होते.

येथे मुदत महत्त्वाची आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज न केल्यास तिच्यासाठी हे वॉरंट निघत नाही. ‘आज देतो, उद्या देतो’ या भरवशावर तेरा महिने गेले, तर पहिल्या महिन्याची रक्कम या मार्गातून निसटते.

वॉरंटनंतरही रक्कम उरल्यास प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. परंतु कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात दिला आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात (२०२०) पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दिवाणी संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण व कारागिराची अवजारे जप्त होत नाहीत. हातमागाच्या आपल्या गावात या सवलतीचे कारण वेगळे सांगायला नको. पगाराच्या बाबतीत मात्र पोटगीला झुकते माप आहे. इतर बहुतेक देण्यांसाठी पगाराचा मोठा भाग सुरक्षित राहतो. पोटगीसाठी केवळ एक तृतीयांश.

तेव्हा एखादी विद्यार्थिनी आईचा हुकूम घेऊन आपल्याकडे आली, तर प्रथम तिला एका वहीत महिना, देय तारीख व मिळालेली रक्कम लिहायला सांगावे. वर्षाची मुदत त्याच तारखेपासून मोजली जाते.