चाकातून येणारी घूं घूं : बेअरिंग गेलंय की टायर ओरडतोय?

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, भाषा मात्र बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. साताऱ्याच्या एक ताई आहेत. त्यांची लहान हॅचबॅक, सत्तर हजार किलोमीटर झालेली. ५० च्या पुढे गेलं की पुढच्या चाकांकडून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि ८० ला तो इतका वाढतो की मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू येत नाही. गॅरेजवाल्यानं ट्रायलसुद्धा न मारता सांगून टाकलं, "पुढची दोन्ही बेअरिंगं गेलीत, बदलून टाकू." ताईंना दर आठवड्याला वडिलांना तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. असा आवाज असताना हायवेला जायचं का? आणि बेअरिंगं बदलूनही आवाज तसाच राहिला तर?

हा दुसरा प्रश्न फार रास्त आहे. खराब बेअरिंग आणि वेडावाकडा झिजलेला टायर हे दोघं जवळजवळ एकाच सुरात ओरडतात. भले भले मेकॅनिक फसतात. बेअरिंगचे आणि मजुरीचे पैसे गेले, गाडी घरी आली आणि घूं घूं जशीच्या तशी, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी काही गोष्टी आपल्या आपण तपासायच्या. त्यातल्या बहुतेक फुकट आहेत.

आधी एक छोटा हिशेब, कारण त्यातून अर्धं उत्तर मिळतं. १८५/६५ आर १५ या मापाचा टायर धरा. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर आणि थोडं वर. म्हणजे चाक सेकंदाला ११-१२ वेळा फिरतं. आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० कंपनांच्या खालचं काही ऐकू येत नाही. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं की एका फेऱ्यात एकच हिसका बसतो. तो हाताला कळतो, स्टिअरिंग थरथरतं, पण त्याची घूं होत नाही. घूं ऐकू येतेय म्हणजे एका फेऱ्यात काहीतरी पुष्कळ वेळा घडतंय. एकतर टायरच्या नक्षीचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतायत, नाहीतर बेअरिंगमधल्या गोळ्या खरवडलेल्या कड्यावरून जातायत. त्यामुळे स्टिअरिंग थरथरत नसेल आणि कोणी म्हणालं, "आधी बॅलन्सिंग करून बघू," तर तो खर्च खुशाल वाचवा.

आता पहिली तपासणी. आवाज इंजिनाबरोबर बदलतो की वेगाबरोबर? मोकळा सरळ रस्ता बघा, ६० चा वेग धरा. आधी पाचव्या गिअरमध्ये ऐका, मग तोच वेग ठेवून चौथ्यात या. इंजिनाचे फेरे वाढले, पण घूं होती त्याच सुरात राहिली, तर इंजिन सुटलं. न्यूट्रल करून ऐकणारेही असतात, पण चालत्या गाडीत चावी बंद करण्याचा प्रयोग चुकूनही करू नका. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. याच वेळी अजून एक बघून ठेवा. वेग तोच असताना ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाजाचा पोत बदलतो का? ठळकपणे बदलत असेल तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर किंवा ड्राइव्ह शाफ्टवर संशय घ्या. तो वेगळा विषय आहे.

दुसरी तपासणी रस्त्याची. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे काँक्रीटचा आहे, समृद्धी महामार्गही काँक्रीटचा. काँक्रीटवर पाणी साचू नये, पकड राहावी म्हणून बारीक रेघा मारलेल्या असतात, त्यावर नवी कोरी गाडीसुद्धा गाते. म्हणून फक्त काँक्रीटवर ऐकून निकाल लावायचा नाही. काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथे कान द्या. डांबर नवं, गुळगुळीत आहे आणि आवाज एकदम उतरला किंवा त्याचा सूर पालटला, तर बोट टायरकडे जातं. बेअरिंगला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. डांबर असो, काँक्रीट असो, त्याची घरघर चालूच.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती कुठलं चाक तेही सांगते. हायवेवर लांबलचक, सौम्य वळण असतं तिथे आवाज कसा बदलतो ते ऐका. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घूं वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर डावं बेअरिंग संशयित. उलट झालं तर उजवं. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकंसं डावी-उजवीकडे देऊनही हे कळतं, पण मागेपुढे कोणी नसतानाच, आणि झोकांड्या खात नाही बरं का. ही खूण बहुतेक वेळा बरोबर निघते, दर वेळी नाही. आजकालच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात. नुकसान कुठल्या ओळीत आहे त्यावर अधूनमधून उलटं उत्तरही मिळतं. त्यामुळे एवढ्यावर बेअरिंग काढायला सांगू नका.

आता गाडी थांबवा, हँडब्रेक लावा आणि टायरला हात लावा. अक्षरशः तळहात फिरवा, तार किंवा खिळा घुसलेला नाही एवढं आधी बघून. नक्षीवरून आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे. मग घेराच्या दिशेनं फिरवा. प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच आणि दुसरी बसकी, असे दात लागले तर आवाजाचं कारण हाताखालीच आहे. आणि मध्येमध्ये खळगे लागत असतील तर शॉकॉब्जर थकलेले असण्याची शक्यता मोठी. चाक रस्त्यावर नीट टेकून न राहता उड्या मारत गेलं की टायर असा खातो. आतली कड विसरू नका. स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा, कारण बाहेरून छान दिसणारा टायर आतून पार गेलेला असतो.

इथे मी ताईंना उलट एक प्रश्न विचारला होता: टायर रोटेशन कधी केलं? पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांमध्ये मागच्या टायरवर वजन कमी असतं, ते नुसते मागून येत राहतात, आणि बऱ्याचदा तेच दातेरी झिजतात. मागे असेपर्यंत त्यांचा आवाज डिकीत राहतो. रोटेशनमध्ये ते पुढे आले की तुमच्या पायाशी ओरडायला लागतात. म्हणून "सर्व्हिसिंगहून आणली त्या दिवसापासून आवाज येतोय" असं कोणी म्हणालं की मला आधी टायर आठवतो. बेअरिंग असं एका दिवसात सुरू होत नाही. ते महिन्या-दोन महिन्यांत चढत जातं. अपवाद म्हणजे मोठ्या खड्ड्यात जोरात आदळणं. त्यात गोळ्यांचे ठसे कड्यावर उमटतात आणि तिथून घरघर लवकर सुरू होते. दुसरा अपवाद आपल्या ओळखीचा, तो म्हणजे पावसाळ्यात तुंबलेलं पाणी. हायवेवरून तापलेला हब अचानक गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकुंचन पावते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस खराब होतं. आवाज मात्र काही आठवड्यांनी येतो, तोवर पाणी कोणाच्या लक्षातही राहत नाही.

एवढं करूनही शंका उरली तर निकाल लावणारी तपासणी म्हणजे पुढचे दोन्ही टायर मागे आणि मागचे पुढे, त्याच त्याच बाजूला. पंक्चरवाला थोड्या पैशांत करून देतो. हवा कंपनीनं सांगितल्याइतकी भरून घ्या आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगानं जा. आवाज मागे गेला किंवा त्याचा सूर पालटला, तर टायर. जिथे होता तिथेच, तसाच राहिला, तर बेअरिंग. गॅरेजमध्ये जाण्याआधी एकच काम करायचं असेल तर हेच करा. मात्र पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर हा प्रयोग नाही.

मग जॅक. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडाची उटी, गिअर न्यूट्रल, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली स्टँड हवाच. चाक हातानं फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग गेलेलं असेल तर स्प्रिंगमध्ये वाळू दळल्यासारखी खरखर जाणवते. दुसऱ्या बाजूलाही हेच करून तुलना करा, एकट्या चाकावरून काही कळत नाही. नंतर चाक वर आणि खाली धरून हलवा. डुगडुगलं तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा सांधा. आणि लक्षात घ्या, प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं असं नव्हे. हल्लीची सीलबंद बेअरिंगं डुगडुगायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ओरडतात. एक चाक वर आणि गाडी गिअरमध्ये चालू, हा उद्योग मात्र घरी करायचा नाही. गाडी जॅकवरून उतरू शकते, शिवाय काटा दाखवतो त्याच्या दुप्पट वेगानं ते चाक फिरत असतं.

आता ताईंचा पहिला प्रश्न. टायरचा आवाज असेल, नक्षी पुरेशी शिल्लक असेल आणि कुठे तार दिसत नसेल, तर पुण्याला जाऊन या, फक्त अलाइनमेंट आणि शॉकॉब्जर बघून घ्या. बेअरिंगची नुसती घूं असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल, पण वडिलांना घेऊन दर आठवड्याला हायवे नको. आणि घूं ची करकर झाली असेल, चाक डुगडुगत असेल, एबीएसचा दिवा लागला असेल किंवा चाकाजवळ जळका वास येत असेल, तर गाडी जागची हलवू नका, टो करून न्या. त्या दिवशी पुण्याला एसटीनं किंवा टॅक्सीनं जा. पुढचं टोक म्हणजे हब सैल होणं, आणि ते ८० च्या वेगात व्हायला नको.

"ग्रीस भरून द्या" असं सांगून काही होणार नाही. जुन्या गाड्यांत ते चालायचं, आताचं बेअरिंग सीलबंद असतं, ते बदलावंच लागतं. दोन्ही बाजूंची बदलायची सक्तीही नाही. ब्रेक पॅड जोडीनं बदलतात, बेअरिंग जे गेलं तेच. दुसरं शांत असेल तर त्याला हात लावू देऊ नका.

बसवताना गॅरेजमध्ये उभं राहता आलं तर राहा. ज्या गाड्यांत बेअरिंग प्रेसनं दाबून बसवतात, तिथे खोच्यात दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. आतल्या कड्यावर दाबलं किंवा हातोड्यानं ठोकलं की तो जोर गोळ्यांमधून जातो, नव्या बेअरिंगला तिथेच ठसे पडतात आणि थोड्याच दिवसांत तीच घूं परत. बऱ्याच बेअरिंगना एका बाजूला एबीएससाठी चुंबकीय कडं असतं. ती बाजू सेन्सरकडे हवी, उलटं बसलं तर दिवा पेटणारच. मधला मोठा नट नवा मागा आणि तो टॉर्क रेंचनं, कंपनीच्या आकड्यालाच कसलेला हवा. एअर गन मारून "टाइट झाला" म्हणतात, ते ऐकून घेऊ नका. जुनं बेअरिंग परत मागून घ्या आणि हातात फिरवून बघा. त्यात खरखर लागली नाही, तर पैसे देण्याआधी त्याच रस्त्यावर एक ट्रायल मारून या, मेकॅनिकला शेजारी बसवून.