वस्तूंची साक्ष, भाग ७ : माप आणि माल एकाच दुकानातले

काळ्या नकली चामड्याच्या पुठ्ठ्याची एक जाड वही. पुठ्ठ्यावर जुन्या जर्मन वळणाची दोन अक्षरे चिकटवलेली. त्या वळणात ‘ए’ आणि ‘एफ’ ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की सवय नसलेल्या माणसाची फसगत होते. चिकटवणाऱ्याचीही झाली होती. अडॉल्फ हिटलरच्या नावाचे ‘ए. एच.’ हवे होते तिथे ‘एफ. एच.’ लागले. अशा साठएक वह्यांसाठी हॅम्बुर्गच्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने सुमारे ९३ लाख मार्क मोजले आणि २५ एप्रिल १९८३ रोजी पत्रकार परिषद घेऊन हिटलरची रोजनिशी सापडल्याचे जगाला सांगितले.

गेल्या आठवड्यात आपण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली, शिवाजी महाराजांची म्हटली जाणारी वाघनखे पाहिली. त्यांच्या पेटीवरचा मजकूर ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफपर्यंत पोहोचतो, त्याआधीचा दुवा पक्का होत नाही, आणि संग्रहालय ते उघडपणे सांगते. तिथे वस्तूला हात लावताना आपला ऊर भरून येतो. आजच्या वस्तूंना हात लावताना अंगावर शहारा यावा. पण पारख करण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

जमिनीच्या व्यवहारात आपण नुसता आजचा सातबारा बघून पैसे देत नाही. जुने फेरफार काढतो. कोणाकडून कोणाला गेली, कधी, वारसाने की खरेदीने, हे नोंदीला नोंद लावून मागे जात पाहतो. एक फेरफार सापडला नाही तरी जाणता माणूस इसार द्यायचा थांबतो. वस्तूचेही तसेच. ती मूळ मालकाकडून निघाली त्या दिवसापासून आज टेबलावर आली तोपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून गेली, याची अखंड साखळी लागते. आणि त्या साखळीचा प्रत्येक दुवा विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे, तर तिसऱ्याच कोणाच्या कागदातून सिद्ध व्हावा लागतो.

‘श्टेर्न’चा वार्ताहर गेर्ड हायडेमान याला ही रीत माहीत नव्हती असे नाही. शोध घेण्यात तो वाकबगार होता. पण १९७३ मध्ये त्याने नाझी नेता हेर्मान गोअरिंगची ‘कारिन २’ ही नौका विकत घेतली. तिच्या दुरुस्तीत तो कर्जात बुडाला आणि तिच्यामुळेच जुन्या नाझी सेनाधिकाऱ्यांच्या बैठकीत ओढला गेला. या वस्तूंची ओढ कशी वाढत जाते ते इथे दिसते. आधी एखादी वस्तू, मग तिच्या मालकाविषयी कुतूहल, मग त्याला ओळखणाऱ्यांची संगत, आणि शेवटी त्यांच्याच डोळ्यांनी सगळे पाहणे. मला या प्रकरणात सर्वांत भीतीदायक वाटते ते हे. अशा माणसासमोर हवी ती वस्तू ठेवली की त्याच्या डोक्यातला तपासनीस झोपी जातो.

वस्तू ठेवणारा होता स्टुटगार्टचा कोनराड कुजाउ. पूर्व जर्मनीतून लष्करी टोप्या, बिल्ले, पदके आणून विकणे हा त्याचा धंदा. नुसत्या शिरस्त्राणापेक्षा ‘हे अमक्या सेनापतीचे’ असा दाखला सोबत असलेल्या शिरस्त्राणाला किती तरी जास्त भाव येतो, हे त्याने ओळखले आणि तो दाखले स्वतःच लिहू लागला. पुढे हिटलरची चित्रे, पत्रे, कविता आणि अखेरीस रोजनिशी. कागद जुना दिसावा म्हणून तो त्यावर चहा ओतत असे.

वह्या कुठून आल्या, याची कथा मात्र खऱ्या पायावर उभी होती. २१ एप्रिल १९४५ रोजी बर्लिनहून निघालेले एक विमान ड्रेस्डेनजवळच्या ब्योर्नर्सडॉर्फ गावी कोसळले. त्यात हिटलरची कागदपत्रे होती आणि ती गेल्याचे कळल्यावर तो व्यथित झाला, असे हिटलरच्या खास वैमानिकाने आठवणींत लिहिले होते. हायडेमान त्या गावी गेला आणि मृतांच्या कबरी त्याने स्वतः पाहिल्या. विमान खरे, अपघात खरा, कबरी खऱ्या. पण कबरीपासून वहीपर्यंतच्या अडतीस वर्षांचा एकही फेरफार नव्हता. पूर्व जर्मनीतल्या माणसांचे जीव धोक्यात येतील म्हणून नावे सांगता येत नाहीत, एवढेच उत्तर मिळत होते. गुप्ततेचे कारण जितके उदात्त, तितके सावध व्हावे.

मग हस्ताक्षर तपासले गेले, त्या क्षेत्रातल्या नावाजलेल्या तज्ज्ञांकडून. त्यांनी अक्षर जुळत असल्याचा निर्वाळा दिला. आणि ते जुळतच होते! कारण तुलनेसाठी हिटलरच्या अक्षराचे म्हणून जे नमुने दिले गेले त्यांतही कुजाउच्याच हातचे कागद होते. किराणा दुकानातल्या वजनावर शिक्का दुकानदाराने मारायचा नसतो, सरकारी निरीक्षकाने मारायचा असतो. इथे माल आणि माप एकाच दुकानातून आले. इंग्लंडचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर झुरिकच्या बँकेत वह्या पाहायला गेले, तेव्हा वह्यांसोबतच्या पत्रांचा आणि चित्रांचा ढीग पाहून त्यांचा विश्वास बसला. एवढे सगळे कोण कशाला खोटे करील? पण तो ढीगही त्याच हातचा होता.

खरे तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. १९८० मध्ये एबरहार्ड येकेल या इतिहासकाराने हिटलरच्या तरुणपणच्या लिखाणाचा मोठा संग्रह संपादित केला. त्यातली एक कविता दुसऱ्याच कवीची आणि नंतरच्या काळातली निघाली. येकेलने शोध घेतला आणि आपल्या ग्रंथात सत्तरहून अधिक कागद बनावट असल्याचे १९८१ मध्ये जाहीरपणे मान्य केले. तेही कुजाउचेच होते. संग्राहकाच्या कपाटातला खोटा कागद विद्यापीठाच्या ग्रंथात जाऊन बसला होता. तळटीपेतून तळटीपेत तो आणखी किती पिढ्या चालला असता कोण जाणे. चूक जाहीर करण्याचे येकेलचे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

शेवटी वही स्वतःच बोलली. जर्मनीच्या सरकारी प्रयोगशाळेत कागद अतिनील दिव्याखाली धरला. लग्नाच्या हॉलमधल्या जांभळ्या दिव्याखाली धुतलेला पांढरा सदरा जसा चमकतो, तसा तो चमकला. ही चमक कागद शुभ्र करणाऱ्या रसायनाची, आणि ते युद्धानंतरच कागदात वापरात आले. दोऱ्यांत पॉलिएस्टर निघाले. शाई कागदावर उतरून जेमतेम दोन वर्षे झाली होती. मजकूर तर हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संग्रहातून उतरवलेला, त्यातल्या चुकांसकट. ६ मे १९८३ रोजी वह्या बनावट ठरल्या. १९८५ मध्ये हायडेमान आणि कुजाउ या दोघांनाही साडेचार वर्षांच्या आसपास तुरुंगवास झाला.

पैसे बुडाले ते साप्ताहिकाचे, एवढ्यावर हे प्रकरण संपवता येत नाही. या वह्यांतला हिटलर पोटदुखीने त्रासलेला, सौम्य गृहस्थ आहे. ज्यूंच्या संहाराची त्याला जणू खबरच नाही. साठ लाख माणसांच्या हत्येची जबाबदारी चहात भिजवलेल्या पानांनी त्याच्या डोक्यावरून उतरवली जात होती. ज्यांचे आप्त नाझींच्या छावण्यांतून परतले नाहीत त्यांच्यासाठी अस्सल की बनावट हा प्रश्न हौशी संग्राहकांचा कधीच नव्हता.

साखळी चांगली असली तरी वस्तूची उलटतपासणी सोडू नये. २०१७ मध्ये अमेरिकेत हिटलरचा म्हणून एक लाल टेलिफोन २ लाख ४३ हजार डॉलरला विकला गेला. तो बर्लिनच्या बंकरमध्ये रशियन अधिकाऱ्यांनी एका ब्रिटिश ब्रिगेडियरला दिला आणि त्याच्या मुलाकडून लिलावात आला. नाव-गावासकट साखळी होती. तरीही फ्रँकफुर्टच्या दूरसंचार संग्रहालयातल्या जाणकाराने विचारले, की जर्मन फोनला इंग्लंडमध्ये बनलेला रिसिव्हर कसा? आणि तो मुळात लाल प्लास्टिकचा असण्याऐवजी वरून रंगवलेला का? लिलाव करणारे आपल्या दाव्यावर ठाम राहिले.

आणि अस्सल ठरलेल्या वस्तूचे काय करावे? २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकला हिटलरची उंच टोपी लिलावात निघाली. युरोपातल्या ज्यू संघटनांनी विरोध केला, तरी बोली लागली. जिनिव्हात राहणाऱ्या, लेबनॉनमध्ये जन्मलेल्या अब्दल्ला शातिला या उद्योगपतीने ती टोपी आणि इतर काही वस्तू लाखो युरो देऊन घेतल्या. नवनाझींच्या हाती त्या पडू नयेत एवढाच त्याचा हेतू होता. आधी त्या नष्ट करण्याचा त्याचा विचार होता. मग त्याने त्या एका ज्यू संस्थेच्या स्वाधीन केल्या.