वाहनातील जोडउपकरणांची तारजोडणी

वाहनातील जोडउपकरणांची तारजोडणी म्हणजे वाहनावर मागाहून बसवलेल्या विद्युत उपकरणांपर्यंत बॅटरीची वीज पोहोचवण्याची व्यवस्था होय. खडकाळ व चिखलाच्या वाटांवर चालणाऱ्या जीप, थार, लँड रोव्हर डिफेंडर यांसारख्या वाहनांवर जादा दिवे, हवेचा कॉम्प्रेसर, फ्रिज, विंच इत्यादी उपकरणे बसवतात. वाहनाची मूळ तारजोडणी हा भार गृहीत धरून आखलेली नसते. त्यामुळे जवळच्या एखाद्या तारेलाच फाटा काढण्याची पद्धत सोयीची वाटली तरी धोक्याची ठरते.

प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र तार व फ्यूज असणे इष्ट असते. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा समज आढळतो; वस्तुतः तो प्रामुख्याने तारेचे रक्षण करतो. म्हणूनच तो बॅटरीच्या धन अग्राजवळ बसवतात. बॅटरी व फ्यूज यांमधील तार घासली जाऊन वाहनाच्या पत्र्याला टेकल्यास तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि तिचे आवरण पेट घेते.

अधिक प्रवाह घेणारे दिवे रिलेमार्फत जोडतात. चालकाजवळच्या बटणातून केवळ रिलेच्या वेटोळ्यापुरता अल्प प्रवाह वाहतो. जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकानुसार रिलेची ८५ व ८६ ही अग्रे वेटोळ्याची असतात. ३० वर बॅटरीची तार येते आणि ८७ वरून ती दिव्याकडे जाते. विंचला मात्र असा लहान रिले पुरत नाही. तिचा प्रवाह शेकडो अँपिअर असल्याने जाड केबल व स्वतंत्र काँटॅक्टर लागतो.

प्रत्येकी ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९.२ अँपिअर प्रवाह घेतात. चार मीटर लांबीची तांब्याची तार २.५ चौरस मिलिमीटर छेदाची असल्यास तिच्यात सुमारे पाव व्होल्ट दाब घटतो; ती ०.७५ चौरस मिलिमीटरची असल्यास ही घट ०.८ व्होल्टहून अधिक होते. आकडा किरकोळ दिसला तरी हॅलोजन दिव्याचा प्रकाश त्यामुळे सुमारे एक पंचमांशाने मंदावतो. दिवा निकृष्ट असल्याची तक्रार पुष्कळदा अशा बारीक तारेमुळे उद्भवते. पहिल्या तारेस १५ अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो.

बिघाड बहुधा सांध्यांत होतात. नुसत्या डाग दिलेल्या सांध्यालगत तार ताठर होते व सततच्या कंपनांनी तिथेच तुटते. त्यामुळे योग्य पकडीने दाबलेले क्रिंप सांधे व त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी पसंत केली जाते. ऋण तार जोडताना पत्र्यावरील रंग खरवडून काढावा लागतो. इंजिनकक्षातून चालककक्षात जाणाऱ्या तारांसाठी छिद्रात रबरी ग्रोमेट बसवतात. तारा पन्हळी नळीतून, सायलेन्सरच्या नळीपासून दूर नेतात. तारेच्या दोन्ही टोकांना खुणेची चिठ्ठी लावलेली असल्यास भर जंगलात, रात्री, बिघडलेली तार शोधणे शक्य होते.