शटर नसलेली पेढी

रविवार कारंजावरील पेढीचे शटर रात्री खाली ओढले की त्या दिवसाचा व्यवहार संपतो. त्याच व्यापाऱ्याच्या घरी, वरच्या मजल्यावर, व्हिडिओ गेमच्या बातम्यांचे संकेतस्थळ एकट्याने चालवणारा मुलगा असेल, तर त्याचा बाजार तेव्हा कुठे उघडतो. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे 10 वाजतात, तेव्हा नाशिकला रात्रीचे 10.30 झालेले असतात. अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या घोषणा बहुधा याच सुमारास होतात. जपानमध्ये सकाळचे 9 म्हणजे येथे पहाटेचे 5.30. दोन बाजारांच्या मधल्या फटीत झोप बसवायची, आणि चोविहार पाळणाऱ्या घरात मध्यरात्री भूक लागली तर पाणीसुद्धा चोरून प्यायचे.

बातमी शोधणे, पडताळणे, लिहिणे, चित्रे लावणे, जाहिरातींचा हिशेब ठेवणे, चूक झाल्यास वाचकांची खरमरीत पत्रे झेलणे: मालक, मुनीम आणि हमाल तो एकटाच. उशिरा दिलेल्या बातमीकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि वाचक नाही तर जाहिरातीचा पैसाही नाही. दुकानदाराला निदान घटकाभर भावाला गल्ल्यावर बसवता येते. घरच्यांना मात्र दिसतो तो ‘दिवसभर गेम खेळत बसलेला’ मुलगा. वास्तविक महिनोन्महिने खेळायला सवड न मिळणे, हीच या धंद्यातील पहिली तक्रार असते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या अवस्थेची नेमकी व्याख्या केली. तिची लक्षणे तीन: शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटना याला रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने उद्भवणारी स्थिती मानते. गेमचे व्यसन मात्र त्याच वर्गीकरणात विकार म्हणून नोंदलेले आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी या दोहोंची गल्लत करू नये. एकाला खेळ सुटत नाही, दुसऱ्याला काम.

एकहाती नियतकालिक महाराष्ट्राला नवे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून ‘निबंधमाला’ चालवली. 84 अंकांतील बहुतेक सारा मजकूर त्यांचाच. शेवटच्या वर्षांत त्यांनी शाळा, छापखाना आणि वृत्तपत्रेही अंगावर घेतली, आणि 1882 मध्ये, बत्तिशीही पुरी न होता, ते गेले. श्रमांनीच आयुष्य तोडले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण ते मासिक होते. दोन अंकांमध्ये महिनाभराची उसंत असे. आजच्या संकेतस्थळाला अंकच नाही, त्यामुळे अंक निघाल्याचा निःश्वासही नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत देशावकाशिक हे एक व्रत आहे. दिग्व्रताने ठरवलेली ये-जा करण्याची मर्यादा एका दिवसापुरती किंवा काही घटकांपुरती आणखी आखडून घ्यायची. जुन्या व्यापाऱ्याला ती कोसांत मोजता येई. क्योटो, लॉस एंजेलिस आणि कोलोन ज्याच्या एका खोलीत येतात, त्याने ती घड्याळात मोजावी. धंद्याच्या दृष्टीनेही हे अशक्य नाही. कंपन्या पुष्कळदा माहिती आगाऊ देतात आणि अमुक वेळेपूर्वी छापू नये अशी अट घालतात. असा मजकूर दुपारीच लिहून ठेवला की ठरल्या वेळी तो यंत्र आपोआप प्रसिद्ध करते. उरलेल्या किरकोळ बातम्यांचा सकाळी एकच गोषवारा देता येतो. काही वाचक जातील, उत्पन्नही थोडे घटेल. हा तोटा आधीच वहीत धरलेला बरा.

2025 मध्ये कोलोनचा गेम्सकॉम मेळावा 20 ते 24 ऑगस्टला भरला आणि श्वेतांबर पर्युषणही त्याच आठवड्यात आले. पर्युषणात पेढी लवकर बंद करणाऱ्या घराने त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरही एकदा जाऊन पाहावे, आणि ‘अजून जागाच का?’ असे न दरडावता ‘आज किती बातम्या राहिल्या?’ एवढेच विचारावे.